सुट्या तुकड्यांना फेविकॉल नको

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत एक जुनं लाकडी जिगसॉ पझल सापडलं. डब्यावर चित्र नाही. तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, टेबलाला धक्का लागला की सरकतात. काही तुकडे चक्क कुत्रा, छत्री अशा आकाराचे आहेत. एक गहाळ आहे, दोन-तीन तुकड्यांवरचा कागद सुटलाय. भाचा म्हणतो, फेविकॉलने प्लायवर चिकटवून फ्रेम करू. करावं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, भाच्याला आधी थांबवा. चिकटवलंत की ते नुसतं भिंतीवरचं चित्र उरेल. ही वस्तू पुन्हा पुन्हा मोडून जुळवण्यासाठीच घडवलेली आहे.

तुम्हाला जे दोष वाटतात, त्यांवरूनच ते जुनं आणि हाताने कापलेलं असावं असं वाटतं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात मुलांना भूगोल शिकवायला लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, तेव्हापासून सुटे तुकडे चालत आले. पुढे कारागीर मुद्दाम रंगांच्या कडेने करवत फिरवू लागले, म्हणजे आकाश कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं हे तुकड्यावरून कळूच नये! डब्यावर चित्र नसणं हाही त्याच खेळाचा भाग. अमेरिकेत पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीची १९०८ पासूनची 'पास्टाइम' कोडी अशा आकृत्यांच्या तुकड्यांसाठी ओळखली जातात. तुमच्या तुकड्यांत समुद्रघोडा आहे का, तेवढं बघा. १९३२ साली न्यूयॉर्कला सुरू झालेल्या 'पार' या कोडी बनवणाऱ्या कंपनीची ती सही. मग एखाद्या तुकड्याची कड भिंगाखाली धरा. करवतीच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या, तर काम करवतीचंच.

सुटलेल्या कागदाला मैद्याची पातळ खळ बारीक ब्रशने, अगदी नावापुरती लावा आणि टिपकागदात घालून वजनाखाली ठेवा. खळ नंतर ओलावून सोडवता येते, फेविकॉल नाही. ओल्या फडक्याने मात्र पुसू नका.

आपल्याकडे खरी भीती हवेची. मे महिन्यात लाकूड कोरडं पडतं, त्यातच कूलरची दमट हवा लागली की पातळ प्लाय वाकते आणि कागद सुटतो. म्हणून कूलरसमोर जुळवायला बसू नका. पावसाळ्यात डबा भिंतीपासून दूर, वरच्या फळीवर ठेवा. वाळवीचा भरवसा नाही.

हरवलेल्या तुकड्यासाठी ट्रंकेच्या अस्तराखाली हात घालून पाहा. नाहीच मिळाला तर जागा तशीच राहू द्या. नवा करवून घेतलात, तर त्याच्या पाठीवर पेन्सिलीने 'नवा' असं लिहून ठेवा.