वाचक विचारतात : गवतासाठी ट्रॅक्टर, पण केवढा?

प्रश्न : आमची तीनेक एकर जागा आहे. त्यातलं दोन एकर नुसतं गवत, बाकी झाडं आणि थोडा उतार, आत यायचा रस्ता खडीचा, तो दर पावसाळ्यात उखडतो. इतके दिवस ढकलायच्या मशीनने गवत कापत होतो पण आता कंबर ऐकत नाही. छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. मित्र म्हणतात घेतोयस तर 45 एचपीचाच घे, नाहीतर पस्तावशील. घेऊ का?

उत्तर : मित्रांचं बरं असतं हो, डिझेल त्यांना भरायचं नसतं! खडी तुम्ही वर्षातून एकदोनदा ओढणार आणि गवत मात्र सीझनमध्ये दर आठवड्याला कापणार, मग ट्रॅक्टर गवताच्या हिशोबानेच निवडा ना. 5 फुटी मोवर म्हणजे दीड मीटरची पट्टी, ताशी 5 किमीने चाललात तर कागदावर 7500 चौरस मीटर होतात, वळणं आणि पट्टीवर पट्टी येते ते वजा करून 6000 धरा, म्हणजे तासाला दीड एकर. तुमचं सगळं गवत दीड तासात उरकतं, अजून काय पाहिजे.

आता एचपी. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो इंजिनाचा, मोवर फिरतो पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथला एचपी कायम कमीच असतो, तो आकडा मुद्दाम विचारा. झुडपं तोडायचा स्लॅशर लावणार असाल तर ढोबळमानाने दर फुटाला 5 पीटीओ एचपी धरतात, म्हणजे 4 फुटीला 20. नेहमीच्या गवताला त्याहून कमीत भागतं. थोडक्यात 25 ते 30 एचपीचं इंजिन तुम्हाला भरपूर झालं. 45 वाला वजनदार, ओल्या जमिनीवर चाकाच्या चाकोऱ्या पाडेल आणि मग त्या बुजवत बसा.

माझ्या मते एचपीपेक्षा गिअर महत्त्वाचा. झाडं आहेत म्हणता ना, मग हायड्रोस्टॅटिकच घ्या, म्हणजे क्लच-गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, महाग पडतो, थोडी ताकदही खातो, पण पेडल दाबलं की पुढे, मागचं दाबलं की मागे. मी बरीच वर्षं गिअरवाल्यावर काढली, एका झाडाभोवती क्लच, रिव्हर्स, क्लच, पहिला, असं करत पाचव्या झाडाला डावा पाय भरून यायचा. त्यात जुना ट्रॅक्टर, पीटीओ आणि गिअर एकाच क्लचवर. एकदा कुंपणाजवळ क्लच दाबला तरी गाडी पुढेच, कारण मागच्या स्लॅशरचं जड पातं फिरतच होतं आणि तेच पीटीओतून उलटं चाकांना ढकलत होतं. कुंपणाचा एक खांब गेला. दुसऱ्याच दिवशी पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवला, तो ताकद अवजाराकडे जाऊ देतो पण उलटी येऊ देत नाही. जुना घेतलात तर हे आधी बघा.

टायर गवताचे रुंद घ्या, शेतीचे खोल दातवाले हिरवळ फाडतात. खडीसाठी पुढे लोडर लावणार असाल तर मागे वजन हवंच, नाहीतर बकेट भरली की मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ते फार वाईट. आणि हो, गेटची रुंदी मोजून मगच मोवर ठरवा, हसू नका, लोक विसरतात.

प्रश्न : सीटच्या मागचा रोल बार फांद्यांना अडकतो. कापून टाकला तर चालेल?

उत्तर : अजिबात नाही. ट्रॅक्टर उलटला तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये तेवढीच एक गोष्ट असते. दुमडता येणारा असेल तर फांद्यांखाली तेवढ्यापुरता दुमडा आणि तेवढा वेळ बेल्ट काढून ठेवा, कारण बार खाली असताना बेल्टने बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच सापडतो. बाहेर आलात की बार वर, बेल्ट परत. फांद्या कापा की त्यापेक्षा.