एसएमपीएस उडाला, आता रॅमवर संशय?

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, बदलल्यावरही एरर येताहेत म्हणून रॅमला लगेच शिव्या घालू नकोस. सिडकोत पहिल्या पावसात लाइटची ये-जा झाली की एसएमपीएस उडतो, आणि घाईत बसवलेला स्वस्तातला नवाही रॅम बिघडल्यासारख्याच एरर देतो. म्हणून आधी मल्टिमीटर: एसएमपीएसची बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद. प्लग काढून रॅमची एकच स्टिक (पट्टी) ठेव, स्लॉटची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत दाब, प्लग लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू दे. एक एरर आली तरी ती नापासच. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लाव: एरर स्टिकबरोबर गेली तर रॅम खराब; स्लॉटलाच चिकटली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर खराब. बऱ्याच रॅमला लाइफटाइम वॉरंटी असते, बिल शोधून ठेव. विंडोज मात्र इतक्यात फॉरमॅट मारू नकोस.