स्वतः कंपाइल केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये वायफाय का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेबियन बसवलेल्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल केला, मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, इंटेल ७२६० या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर निवडला, कर्नल बूटही होतो, पण वायफाय दिसत नाही. डेबियनच्या मूळ कर्नलवर तेच कार्ड व्यवस्थित चालतं. आणि शेवटी विचारलंय की ड्रायव्हर निवडताना ‘वाय’ करायचं की ‘एम’.

मूळ कर्नलवर कार्ड चालतं, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. म्हणजे कार्ड शाबूत आहे, त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) डिस्कवर आहे, आणि चूक तुमच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे निवडलेल्या पर्यायांत, किंवा कर्नल बसवण्यात आहे. ती नक्की सापडेल. (आज्ञा उच्चारावरून कळाव्यात म्हणून देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

सगळ्यात आधी तुमच्या नव्या कर्नलवर बूट करून डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या नोंदींचा, मजकूर काढा आणि त्यात ‘आयडब्ल्यूएल’ ही अक्षरं शोधा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल. एक, फर्मवेअरची फाइल मिळाली नाही, एरर उणे २. दोन, आयडब्ल्यूएलएमव्हीएम नावाचं मॉड्यूल (कर्नलचा सुटा तुकडा) लोड करता आलं नाही. तीन, काहीच नाही, एकही ओळ नाही. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही मी स्वतः भोगली आहेत.

पहिली ओळ दिसली तर तुम्ही ड्रायव्हरला ‘वाय’ केलंय. इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘वाय’ म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य फाइलमध्येच शिवून टाकला. कर्नल सुरू होताच तो जागा होतो आणि कार्डासाठी फर्मवेअर मागतो. पण फर्मवेअर असतं लिब-फर्मवेअर या फोल्डरमध्ये, म्हणजे डिस्कवर, आणि त्या क्षणी मूळ फाइलसिस्टिम अजून माउंटच, म्हणजे वापरासाठी जोडलीच, गेलेली नसते. फाइल हाताशी नाही, म्हणून उणे २, म्हणजे ‘अशी फाइल नाही’. ‘एम’ केलंत तर तोच ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल म्हणून डिस्कवर राहतो, डिस्क माउंट झाल्यावर लोड होतो, आणि तोवर फर्मवेअरही समोर आलेलं असतं. वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स अशा फर्मवेअर लागणाऱ्या सगळ्या उपकरणांना म्हणूनच डोळे मिटून ‘एम’ करा. फर्मवेअर कर्नलच्या आतच भरायचीही सोय आहे, एक्स्ट्रा फर्मवेअर नावाचा पर्याय असतो, पण लॅपटॉपसाठी तो खटाटोप कशाला?

‘एम’चा आणखी एक फायदा आहे, तो मला फार मोठा वाटतो. मॉड्यूल चालत्या यंत्रात काढता-घालता येतं. मॉड्यूल घालणाऱ्या-काढणाऱ्या मॉडप्रोब या आज्ञेला आर हा पर्याय देऊन आधी आयडब्ल्यूएलएमव्हीएम आणि मग आयडब्ल्यूएलवायफाय काढा, पुन्हा घाला, डीमेसेज वाचा. दर वेळी रीबूट करावं लागत नाही. शिकताना याने तासन्‌तास वाचतात.

दुसरी ओळ दिसली, तर गोष्ट जास्त रंजक आहे. माझा अंदाज आहे की तुमचं हेच झालंय. इंटेलच्या या कार्डांचा ड्रायव्हर एका तुकड्यात नाही. आयडब्ल्यूएलवायफाय हा खालचा भाग: पीसीआय बसवरून कार्ड ओळखणं, फर्मवेअर चढवणं. त्याच्या वर कार्डाच्या पिढीप्रमाणे दुसरा भाग लागतो. जुन्या कार्डांसाठी आयडब्ल्यूएलडीव्हीएम, ७२६० आणि त्यानंतरच्या बऱ्याच पिढ्यांसाठी आयडब्ल्यूएलएमव्हीएम. नुसता खालचा भाग निवडला तर कार्ड ओळखलं जातं, पुढे काही होत नाही. दोन्हीपैकी एकही निवडला नसेल तर मेन्यूमध्ये त्याच जागी तसा इशाराही दिसतो.

पण समजा तुम्हाला एमव्हीएमचा पर्याय मेन्यूत दिसलाच नाही, तर? शक्य आहे. सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ हे कर्नलमधले वायफायचे सामाईक थर आहेत. आयडब्ल्यूएलवायफायला सीएफजी८०२११ लागतं, आणि एमव्हीएमला त्याशिवाय मॅक८०२११ही लागतं. मॅक८०२११ बंद असेल तर एमव्हीएमची ओळ मेन्यूतून गायबच होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे: मेन्यूकॉन्फिग तुम्हाला सगळं दाखवत नाही. ज्याच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत तेवढंच दाखवतो. म्हणून मेन्यूत वर-खाली फिरत शोधत बसू नका. तिरकी रेघ दाबा, शोधचौकट उघडेल, त्यात एमव्हीएम टाइप करा. तो पर्याय लपलेला असला तरी माहिती येईल: कुठल्या मेन्यूत आहे, कशावर अवलंबून आहे, आणि त्या प्रत्येक अटीची आत्ताची किंमत काय. जिथे ‘एन’, म्हणजे बंद, दिसतंय ती तुमची अडचण. झेड दाबलं तर लपलेल्या ओळीही मेन्यूत दिसू लागतात.

अटींचा एक नियम लक्षात ठेवा. वाय सर्वांत वर, मग एम, मग एन. जो पर्याय दुसऱ्यावर अवलंबून आहे तो त्याच्यापेक्षा वरची किंमत घेऊ शकत नाही. मॅक८०२११ ‘एम’ असेल तर एमव्हीएम ‘वाय’ होणारच नाही, कितीही वेळा वाय दाबा. कारण साधं आहे: कर्नलमध्ये शिवलेला भाग डिस्कवरच्या, अजून लोड न झालेल्या मॉड्यूलवर टेकू शकत नाही. हे कळल्यावर मेन्यूचं अर्धं वागणं समजायला लागतं. पर्याय आणि अटी सांभाळणारी ही केकॉन्फिगची पद्धत २००२ साली रोमन झिपेल यांनी कर्नलमध्ये आणली. मला ती आजही फार विचारपूर्वक बांधलेली वाटते, कारण तुमच्या निवडीतून न जुळणारा कर्नल तयार होण्याआधीच ती बहुतेक वेळा अडवते.

तिसरी अवस्था, म्हणजे काहीच ओळ नाही. एक तर ड्रायव्हर कॉन्फिगमध्येच नाही, किंवा मॉड्यूल तयार झालं पण बसवलं गेलं नाही. मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल ही पायरी राहिली असेल तर हेच होतं. कार्ड सापडल्यावर ड्रायव्हर कसा लोड होतो हे समजलं की हे आपोआप उलगडतं. कर्नल पीसीआय बस चाचपतो, तेव्हा प्रत्येक उपकरण आपले दोन क्रमांक सांगतं: बनवणाऱ्याचा आणि उपकरणाचा. तुमच्या कार्डाचे ८०८६ आणि ०८बी१ किंवा ०८बी२ असतील. ८०८६ हा इंटेलचा क्रमांक. कर्नल या क्रमांकांची एक लांबलचक ओळ करून यूडेव्हकडे, म्हणजे उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवतो. ती ओळ घेऊन मॉड्यूल्स.एलियस या यादीत कुठलं मॉड्यूल जुळतं ते बघितलं जातं, आणि ते लोड होतं. ही यादी डेपमॉड हा प्रोग्राम बनवतो, मॉड्यूल बसवताना तो आपोआप चालतो. कंपनीचं नाव, लॅपटॉपचं मॉडेल, खोक्यावरचा मजकूर, यातलं काहीही ही जुळणी करताना बघितलं जात नाही. तिथे फक्त ते क्रमांक.

आणि म्हणून लॅपटॉपचं नाव घेऊन इंटरनेटवर ड्रायव्हर शोधणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुमच्याकडे चालणारा डेबियनचा कर्नल आहे ना? त्यावर बूट करा आणि एलएसपीसीआयला एनएनके हे पर्याय देऊन चालवा. प्रत्येक उपकरणाचे क्रमांक आणि त्याखाली कुठला ड्रायव्हर आत्ता वापरात आहे ते छापून येईल. यूएसबी उपकरणांसाठी एलएसयूएसबीला टी द्या. ही यादी वहीत उतरवून घ्या, खरंच सांगतो, कागदावर.

मॉड्यूलचं नाव कळलं, पण कॉन्फिगमधला पर्याय कुठला? दोन्ही नावं नेहमी सारखी नसतात. सोर्सच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या (ध्वनीसाठी साउंड फोल्डरमधल्या) मेकफाइल्समध्ये ग्रेप या शोधायच्या आज्ञेने ते मॉड्यूलचं नाव, पुढे टिंब आणि ओ लावून शोधा. जी ओळ सापडेल तिच्यातच कॉन्फिगने सुरू होणारा पर्याय लिहिलेला असतो. ध्वनीच्या बाबतीत हे जरूर करा, कारण तिथेही दोन थर आहेत. एचडीए-इंटेल हा कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि त्याखाली कोडेकचा, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या चिपचा, वेगळा. कोडेक राहिला तर कार्ड दिसतं पण आवाज बिघडतो किंवा येतच नाही. रिअलटेकच्या केबल-कार्डाचंही तसंच: आर८१६९ सोबत रिअलटेक नावाचं दुसरं मॉड्यूल लागतं.

आता मुळावर येऊ. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की कॉन्फिग कोऱ्या पाटीवरून केलं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तसं करू नका. बूट फोल्डरमध्ये डेबियनच्या चालत्या कर्नलची कॉन्फिग फाइल असते. ती सोर्समध्ये टिंबकॉन्फिग नावाने कॉपी करा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा. जुन्या निवडी कायम राहतात, नव्या कर्नलमध्ये वाढलेल्या पर्यायांना ठरलेल्या किमती मिळतात. डेबियनची फाइल वापरताना एक खड्डा लागेल: कंपाइल करताना प्रमाणपत्राची पेम फाइल सापडत नाही म्हणून काम थांबतं. सिस्टिम ट्रस्टेड कीज हा पर्याय शोधून त्यातला मजकूर रिकामा करा, पुढे जाईल. डीबग माहितीचा पर्यायही बंद करा, नाहीतर जुन्या लॅपटॉपची डिस्क भरून जाते.

एवढा मोठा कर्नल कंपाइल व्हायला तुमच्या यंत्रावर कित्येक तास लागतील. तो आवरायला मेक लोकलमॉडकॉन्फिग आहे. स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेलं हे साधन २००९ पासून कर्नलसोबत येतं. या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स बघून बाकीची सगळी ते बंद करतं. काम झपाट्याने होतं. पण ‘या क्षणी’ हे शब्द नीट वाचा. मी पहिल्यांदा हे वापरलं तेव्हा यूएसबी-सीरियल केबल लावलेली नव्हती. पंधरा दिवसांनी एका मित्राच्या शेतातल्या सेन्सरचा बोर्ड जोडायला बसलो, तर केबल लावूनही काही होईना. सगळी दुपार बोर्डाला दोष देत घालवली. ड्रायव्हर मीच छाटला होता. म्हणून ही आज्ञा देण्याआधी घरातलं सगळं एकदा जोडून काढा: पेनड्राइव्ह, प्रिंटर, फोन, वेबकॅम, दुसरा मॉनिटर, ब्लूटूथ हेडफोन. मॉड्यूल एकदा लोड झालं की उपकरण काढलं तरी ते सहसा यादीत राहतं.

‘वाय’ कशाला करायचं, हेही सांगायला हवं. मूळ डिस्कपर्यंत पोचायला जे लागतं त्याला: डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे साटा असेल तर एएचसीआय, नवीन असेल तर एनव्हीएमई, आणि मूळ फाइलसिस्टिम, बहुधा ईएक्सटी४. ही मॉड्यूल्स डिस्कवर असतील आणि डिस्क वाचायलाच ती लागत असतील, तर कुलूप घरात आणि किल्लीही घरात. डेबियन हा तिढा इनिट्रॅमएफएसने सोडवतो: गरजेची मॉड्यूल्स असलेली छोटी फाइलसिस्टिम कर्नलबरोबरच मेमरीत येते. तुम्ही इनिट्रॅमएफएस वापरणार असाल तर ‘एम’ही चालतं. मी सुरुवातीला हे न समजता एएचसीआय बंद केलं होतं, माझ्या डिस्कचं नाव सेगेट आहे मग हा पर्याय कशाला, अशा विचाराने. बूट करताच पॅनिक, म्हणजे कर्नल जागीच थांबला: मूळ फाइलसिस्टिम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक शून्य, शून्य. मला वाटलं डिस्क गेली. रात्री दोनपर्यंत डेटाची काळजी करत बसलो. त्या दोन शून्यांचा अर्थ एवढाच होता की कर्नलला मूळ डिस्क सापडलेली नव्हती. डिस्क ठणठणीत होती. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना येणाऱ्या मेन्यूच्या, यादीतला जुना कर्नल निवडला आणि सगळं परत आलं. तेव्हापासून चालता कर्नल मी कधीच काढत नाही. तुम्हीही काढू नका.

तुमच्यासाठी सर्वांत जवळची वाट सांगतो. कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डिफकॉन्फिग नावाची छोटी स्क्रिप्ट असते. तिला डेबियनची कॉन्फिग फाइल आणि तुमची, अशा दोन्ही द्या. कुठला पर्याय एम वरून एन झाला, कुठला एम वरून वाय झाला, ओळीगणिक दिसेल. यादी लांब येईल, घाबरू नका, त्यात आयडब्ल्यूएल, सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ एवढंच बघा. चौघांनाही, म्हणजे सीएफजी, मॅक, आयडब्ल्यूएलवायफाय आणि एमव्हीएम, ‘एम’ करा. लोकल व्हर्जन या पर्यायात स्वतःचं काही नाव टाका, म्हणजे मॉड्यूल्सचं फोल्डर वेगळं राहील आणि जुन्या कर्नलची मॉड्यूल्स नव्यात मिसळणार नाहीत. मग मेक बिनडेब-पीकेजी चालवा. त्यातून नेहमीची डेब पॅकेजेस तयार होतात, ती डीपीकेजीने बसवली की इनिट्रॅमएफएस आणि ग्रब आपोआप अद्ययावत होतात, आणि नको असेल तेव्हा तितक्याच सहज काढताही येतात.

एवढं करूनही वायफाय आलं नाही, तर डीमेसेजमधल्या आयडब्ल्यूएलच्या ओळी आणि डिफकॉन्फिगमधल्या त्या चार पर्यायांच्या ओळी तुमच्या प्रश्नात जोडा. मी संध्याकाळी बघतो.