दोन्ही कप्प्यांत एफएमएलपी असतानाही न्यूट्रोफिल तितकेच उतरतात? रक्तदाता बदलू नका

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की न्यूट्रोफिल (जंतूंच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) ट्रान्सवेलमध्ये (मेंब्रेनने, म्हणजे सच्छिद्र पडद्याने, वर-खाली कप्पे केलेली प्लेट) वर घातले, खाली १ मायक्रोमोलर (म्हणजे १००० नॅनोमोलर) एफएमएलपी (त्यांना ओढून घेणारं, जंतूंकडून येणाऱ्या पेप्टाइडसारखं रसायन), वर नुसता बफर असं २ तास ठेवलं; आणि वर-खाली दोन्हीकडे १ मायक्रोमोलर असलेल्या वेलमध्येही (प्लेटमधला एक खळगा) जवळपास तेवढ्याच पेशी उतरल्या. म्हणून आता दुसऱ्याचं रक्त घ्यायचा विचार आहे. आधी एफएमएलपी कमी करा. रक्त काढणं, लाल पेशी फोडणं वगैरे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

न्यूट्रोफिल किती रसायन आहे हे बघून वळत नाही, आपल्या दोन टोकांतला फरक बघून वळतो. ई. कोलाय हा जिवाणू पोहता पोहता आत्ताचं आणि मघाचं ताडून बघतो. न्यूट्रोफिल जागच्या जागी पुढचं-मागचं ताडतो. पेशीच्या लांबीवर जेमतेम १ टक्का फरक असला तरी त्याला दिशा कळते, हे पेशीशास्त्रज्ञ सॅली झिगमंड यांनी १९७७ मध्ये दाखवलं. पण त्यासाठी रिसेप्टर (पेशीवरचे, एफएमएलपी पकडणारे रेणू) मोकळे हवेत ना!

हिशेब करून बघा. निम्मे रिसेप्टर भरायला २० नॅनोमोलर लागतं आणि पेशीच्या प्रत्येक टोकाला २५,००० रिसेप्टर आहेत असं धरा. एका टोकाला २० आणि दुसऱ्याला २०.४ नॅनोमोलर असेल, तर भरलेल्या रिसेप्टरांत सुमारे १२४ चा फरक पडतो. तोच २ टक्क्यांचा फरक १००० आणि १०२० मध्ये असेल, तर उरतात ९. रिसेप्टर सुटण्या-जोडण्याच्या गोंधळात ९ कुठे दिसणार? शिवाय एवढ्या एफएमएलपीला रिसेप्टर आत ओढले जातात, ग्रॅन्यूल (पेशीतल्या रसायनांच्या पुड्या) बाहेर पडतात, पेशी चिकट होऊन गोळे धरतात. कॉन्सन्ट्रेशन आणि हालचाल यांचा आलेख घंटेसारखा येतो, आणि तुम्ही पार उजव्या उतारावर आहात. माझ्या मते १० नॅनोमोलरपासून सुरुवात करावी, आजूबाजूला १ आणि १०० लावावेत.

मग दिशा नसताना पेशी उतरल्या कशा? एकसारख्या एफएमएलपीतही न्यूट्रोफिल स्वतःच एक तोंड ठरवतो: पुढे पीआयपी३, रॅक आणि ॲक्टिन, मागे ऱ्हो आणि मायोसिन (ही सगळी पेशीला चालवणाऱ्या रेणूंची नावं). आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटतो. हे केमोकायनेसिस. धावता धावता छिद्र सापडलं की खाली. म्हणजे खालच्या पेशी मोजून दिशा सिद्ध होत नाही. झिगमंड आणि हर्श यांची १९७३ ची चेकरबोर्ड पद्धत याचसाठी आहे: वर ०, १, १०, १०० नॅनोमोलर आणि खालीही ०, १, १०, १००, अशा १६ जोड्या. इन्सर्ट (तळाला मेंब्रेन असलेले वरचे कप) महाग आहेत हे मान्य, पण निदान तीन वेल तरी लावाच: फक्त खाली, दोन्हीकडे, फक्त वर. नुसत्या बफरचा वेल तर हवाच.

डायल्यूशन: ४.४ मिलिग्रॅम १ मिलि डीएमएसओत (एफएमएलपी विरघळवणारा द्रव) म्हणजे १० मिलिमोलर. त्यातून १:१०० तीनदा केलं की १० नॅनोमोलर. दर वेळी टिप बदला. जुन्या टिपेला राहिलेला थेंब पुढच्या नळीत गेला की सगळा हिशेब बोंबलतो. बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम परत घाला (वेगळं करताना काढलेलं असतं) आणि ०.१ टक्का अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), तेही कमी एंडोटॉक्सिनवालं (एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंचं विष). नाहीतर पेशी आधीच चेतवलेल्या असतात आणि कंट्रोलचा (नुसत्या बफरच्या वेलचा) आकडा वर जातो.

२ तास फार झाले. मेंब्रेन १० मायक्रॉन जाड, तिच्या आरपार रेणू वर येतच राहतात आणि फरक बोथट होतो. ३० ते ४५ मिनिटं पुरे. इन्सर्ट तिरका धरून सोडा, खाली बुडबुडा राहायला नको, आणि इन्क्युबेटरचं दार सारखं उघडू नका.

छिद्र ३ मायक्रॉनचं आहे का, तेही बघा. पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. खरेदी विभागांना '८ मायक्रॉनचा समतुल्य माल स्वस्त मिळाला' म्हणून परस्पर ऑर्डर बदलायची हौस असते. समतुल्य कसला डोंबलाचा! न्यूट्रोफिल ८ मायक्रॉनमधून काही न करताही घरंगळतो. मागणीपत्रावर छिद्राचा आकार लिहा आणि पुढे 'बदल चालणार नाही' असंही लिहा.

हे आकडे माणसाच्या ताज्या न्यूट्रोफिलांचे आहेत. उंदराच्या पेशींचा रिसेप्टर एफएमएलपीला फारच कमी दाद देतो, तिथे हे लावू नका. तुमच्या गाईडचं मत वेगळं असेल तर आधी त्यांच्याशी बोला.

मोजताना फक्त खालचा द्रव घेऊ नका. बऱ्याच पेशी मेंब्रेनच्या खालच्या बाजूला लटकलेल्या असतात. खालच्या कप्प्यात ५ मिलिमोलर ईडीटीए (चिकटलेल्या पेशी सोडवणारं रसायन) टाका, १० मिनिटं थंडीत ठेवा, प्लेटला हलकी टिचकी मारा आणि मग मोजा.