उमेदवारीआधी समित्यांचे काम समजून घे

प्रिय तरुण मित्रास,

अनेक आशीर्वाद.

पंचायत लढवून पुढे आमदारकीचा विचार करावा का, असे तू विचारले आहेस. वयाची 25 वर्षे पूर्ण झाली की कायद्याची अडचण नाही. आणि गोव्यातले बहुतेक मतदारसंघ 25 ते 30 हजार मतदारांचे असल्यामुळे चतुर्थीला घरोघरी आरतीला जाणारा माणूस थोड्या वर्षांत सर्वांच्या परिचयाचा होतो. या ओळखीला मी कमी लेखत नाही. मात्र पर्वरीला विधानसभेच्या सभागृहात काय करायचे, हे ती शिकवत नाही.

आपल्या 40 सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह 12 हून अधिक मंत्री घटनेनुसार होऊ शकत नाहीत. म्हणजे निदान 28 आमदार मंत्री नसतात, आणि प्रश्न विचारणे, विधेयके तपासणे, समित्यांत बसणे हेच त्यांचे खरे काम असते. त्यातली सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यावर मंत्री नसतात आणि अध्यक्षपद प्रथेने विरोधकांकडे जाते. महालेखापरीक्षकांच्या अहवालातला एखादा परिच्छेद घेऊन खात्याच्या सचिवांना विचारता येते, की निविदा कधी निघाली, कंत्राटदाराला मुदतवाढ कोणत्या तारखेला आणि कोणाच्या शेऱ्यावर मिळाली, वाढीव रक्कम कोणी मंजूर केली. विचारणाऱ्याने कागद वाचले नसतील, तर सचिव दोन गोलमोल वाक्यांत सुटतात. बैठक बंद दाराआड होते, तिथे वाहवा मिळत नाही. म्हणूनच अनेकांना ती कंटाळवाणी वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मनोहर पर्रीकरांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासावा. मुंबईच्या आयआयटीतून अभियंता झालेले, संघाच्या कामातून आलेले पर्रीकर 1991 ची लोकसभा हरले आणि 1994 मध्ये पणजीतून आमदार झाले. 2011 मध्ये विरोधी पक्षनेते असताना त्यांच्याच अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने बेकायदा खाणींवर अहवाल तयार केला. त्यावरून मोठा वाद झाला. मार्च 2012 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि सप्टेंबरात त्यांच्याच सरकारला खाणी स्थगित कराव्या लागल्या. विरोधात बसून मांडलेला प्रश्न सत्तेत आल्यावर स्वतःलाच सोडवावा लागतो, एवढे भान ठेवून समितीत बोलावे.

आश्वासन समितीही दुर्लक्षू नकोस. ‘चौकशी करून कळवू’ असे मंत्री सभागृहात म्हणतात. त्या शब्दाचे पुढे काय झाले, ते ही समिती पाहते. पुढच्या अधिवेशनात प्रेक्षक सज्जाचा पास काढून प्रश्नोत्तराचा तास ऐक, तुझ्या तालुक्याबद्दलचे प्रत्येक आश्वासन तारखेसह वहीत उतरव आणि सहा महिन्यांनी माहिती अधिकाराखाली त्याची स्थिती विचार. उत्तर आले की मला दाखव. पंचायतीच्या उमेदवारीचे त्यानंतर बसून ठरवू.

तुझा हितचिंतक