शाखा ओलांडण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती असताना एम.टेक. जैववैद्यकीय अभियांत्रिकीत करावे का, असे तू विचारले आहेस. असे केल्यास आपण धड इकडचे राहणार नाही आणि धड तिकडचे होणार नाही, ही तुझी धास्ती निराधार नाही. दोन्ही विषयांची तोंडओळख करून घेतलेले आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. तरीही माझे मत ‘जरूर जा’ असेच आहे. मात्र तिथे मूळ शाखा सुटता कामा नये, उलट ती अधिक पक्की करावी लागेल.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली हृदयाची कृत्रिम झडप घे. आधीचे नमुने बाद होत होत, दशकाहून अधिक काळच्या खटपटीनंतर ती १९९० च्या डिसेंबरमध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर अशा झडपेची वर्षाकाठी पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडझाप होते. तिची चकती पॉलिएथिलीनची, चौकट कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची आणि शिवणीची कडी पॉलिएस्टर कापडाची आहे. चकती किती झिजेल आणि वारंवार ताण पडून चौकटीला तडा जाईल का, हे ठरवायला यंत्र अभियंताच लागतो. परंतु रक्ताची गुठळी कुठे आणि का धरते हे ज्याला कळत नाही, त्याचे झिजेचे गणित बिनचूक असूनही अपुरे ठरते.

यापेक्षा साधे उदाहरणही देतो. एखाद्या वैद्यकीय उपकरणासाठी एबीएस प्लॅस्टिकची सुबक मूठ तू संगणकावर रेखाटशील, थ्रीडी प्रिंटरवर छापूनही घेशील. रुग्णालयात ती १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक केली, की वाकडी होऊन बाहेर येईल, कारण ते प्लॅस्टिक साधारण १०५ अंशांनाच मऊ पडू लागते. हे सीएसएसडीतल्या, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातल्या, सिस्टरांना अनुभवाने ठाऊक असते. त्यांच्याशी बोलायचा संकोच वाटत असेल, तर हा अभ्यासक्रम तुझ्यासाठी नाही.

अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावापेक्षा मार्गदर्शकांची जोडी पाहा. मद्रास आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचे एम.टेक. चालवतात, तिथे रुग्णालय अभ्यासक्रमातच आहे. इतरत्र दुसरा मार्गदर्शक डॉक्टर आहे का आणि तो खरोखर वेळ देतो का, हे आधीच्या विद्यार्थ्यांना विचार. वॉर्डात जाऊ देतात की नुसती कागदोपत्री सही असते, हेही तेच सांगतील. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत बायोमेडिकलची, म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकीची, स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२० पासून आहे, पण तुझ्या शाखेचा गुणांक कुठे चालतो ते प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात तपासून घे.

पहिल्याच सत्रात जैवसंख्याशास्त्र घे. प्रयोगशाळेत एकाच पोलादाचे दहा तुकडे जवळपास सारखे वागतात, रुग्ण तसे वागत नाहीत. पुरावा कशाला म्हणायचे, यावरच अभियंते आणि डॉक्टर यांचे सर्वाधिक खटके उडतात. रुग्णांची माहिती वापरायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तिला महिने जाऊ शकतात. प्रकल्प दुसऱ्या वर्षी असला तरी तिच्या तयारीला पहिल्याच वर्षी लाग. उद्योगात जायचे असेल, तर वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियमही वाचून ठेव. कंटाळवाणे आहेत, पण उपकरण कोणत्या जोखीमवर्गात मोडते यावर पुढच्या चाचण्या ठरतात.

अध्यापनाचा विचार मात्र सावधपणे कर. भरतीच्या जाहिरातींत ‘संबंधित शाखा’ एवढेच लिहिलेले असते आणि तिचा अर्थ छाननी समितीगणिक बदलू शकतो.

तुझ्या बी.ई. प्रकल्पाचा अहवाल मला पाठव. त्यात झिजेच्या चाचण्या असतील, तर अर्जासोबतच्या निवेदनाची सुरुवात तिथूनच करू.

कळावे,
तुझा शिक्षक