आईला घेऊन युरोपातलं एकच शहर बघायचं असेल तर कोणतं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांची आहे, मूळ सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तिने वर्षानुवर्षं हिशेब लिहिले. शाकाहारी आहे, गुडघे दुखतात. तुम्हा मायलेकींकडे जेमतेम आठवडा आहे आणि पॅरिस, रोम, प्राग यांतलं एक निवडायचंय.

माझं उत्तर या तिन्हींत नाही. आईला फ्रान्समधल्या लियॉनला घेऊन जा.

कारण सांगते. आपल्या आयांना परदेशात नेताना आपण जगाने नावाजलेलं काय आहे ते बघतो. आई समोर उभी राहते, फोटो काढून घेते, "छान आहे गं" म्हणते आणि बाकावर जागा शोधते. तिला काय माहीत आहे, कशात तिची नजर चालते, हे बघून शहर निवडलं तर तीच आपल्याला दाखवायला लागते. सोलापूरच्या आणि त्यातही कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या बाईसाठी लियॉनइतकं जवळचं शहर युरोपात दुसरं मला तरी दिसत नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, निघते, ते जकार्ड या गावचं आहे. जोसेफ मारी जकार्ड १७५२ साली लियॉनमध्ये जन्मला आणि १८०४ च्या सुमारास त्याचं यंत्र पुढे आलं. क्रोआ-रूस नावाच्या टेकडीवर, भर चौकात त्याचा पुतळा आहे.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढली. आजोबांचे माग घरातच होते आणि तिचं लहानपण कांड्या भरण्यात, म्हणजे विणायचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळण्यात गेलं. लग्नानंतर मागाशी संबंध सुटला, पण बोटांतून काही गेलं नाही. तिला मी मे महिन्यात लियॉनला नेलं. सोलापूर तेव्हा नुसतं भाजत होतं, आणि तिथे दुपारी स्वेटर काढून हातात धरायचा, संध्याकाळी परत घालायचा. रात्री नऊला उजेड. आईला त्या उजेडाचं फार अप्रूप.

क्रोआ-रूसवर मेझों दे कान्यू नावाचं छोटं संग्रहालय आहे. कान्यू म्हणजे तिथले रेशीम विणकर. जुने हातमाग आहेत आणि फेरीच्या वेळी ते चालवून दाखवतात. इंग्रजी फेरी कधी आहे ते आधी बघून आरक्षण करा, कारण बऱ्याच फेऱ्या फ्रेंचमध्ये असतात. आम्ही गेलो तेव्हा दाखवणाऱ्या बाईंनी मागाच्या माथ्यावरची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दाखवली आणि समजावायला सुरुवात केली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईने माझ्या दंडाला धरून मराठीत सुरू केलं. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उचलला जातो, मग ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, धागा खालीच. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. फुलाच्या एका पाकळीला किती पुठ्ठे लागत असतील, विचार कर. जकार्ड यायच्या आधी हे धागे दोऱ्या ओढून उचलायला मागापाशी वेगळा माणूस लागायचा, बऱ्याचदा लहान पोर. हे मात्र त्या बाईंनी सांगितलं आणि मी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आमच्यात पोरं कांड्यांना बसायची."

मग धोटा फेकून दाखवला. रेशमाचा धागा इतका बारीक की मला तो दिसतच नव्हता, फक्त कापड पुढे सरकताना दिसत होतं. फेरी संपल्यावर आईने खुणेनेच विचारलं, धागा तुटला तर? बाईंनी एक तुटका तुकडा आणून गाठ मारून दाखवली. आईने तो हातात घेतला आणि तिची गाठ मारली. अंगठा आणि पहिल्या बोटात धागा धरून, दुसरं टोक मागून फिरवून, नखाने दाबून. चष्माही लावला नाही. गाठ जवळजवळ तीच होती. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत राहिल्या आणि बाकीचे पर्यटक आमच्याभोवती गोळा झाले. मला वाटतं पुढचे सगळे दिवस आई त्या शहरात पाहुणी म्हणून वावरलीच नाही.

त्या टेकडीवरची घरंसुद्धा बघण्यासारखी आहेत. खिडक्या विलक्षण उंच, कारण आत जकार्डचा माग मावायला हवा म्हणून छतं चार मीटरच्या आसपास ठेवली. माग मोठ्या खिडकीशी, उजेडात, आणि घरची माणसं माळ्यावर झोपायची. बायको-पोरं कामाला जुंपलेली. आईला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

१८३१ सालची हकिकतही तिला सांगा, तुमच्या आईने तर मजुरीचे हिशेब लिहिलेत. विणकरांनी तुकड्यामागे मजुरीचा किमान दर ठरवून मागितला. ऑक्टोबरात तो ठरला, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी तो द्यायला नकार दिला. नोव्हेंबरात क्रोआ-रूसचे विणकर खाली उतरले, चकमकी झाल्या, माणसं मेली आणि काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात होतं. "काम करून जगू, नाहीतर लढत मरू" असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर होतं. पुढे मोठं सैन्य आलं, शहर परत घेतलं आणि दर रद्द झाला. १८३४ ला पुन्हा उठाव झाला, तोही चिरडला. आपल्या गावाने १९३० चा मार्शल लॉ बघितलाय, १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे दिलेत. त्यामुळे सोलापूरच्या माणसाला हे ऐकताना लांबचं वाटत नाही. माझ्या आईने लगेच विचारलं, "मग दर शेवटी मिळाला का?"

क्रोआ-रूसवरच विणकरांचं भिंतभर चित्र आहे, १२०० चौरस मीटरचं. एका सपाट भिंतीवर जिने, खिडक्या, माणसं अशी रंगवलीत की जिना खराच वाटतो. १९८७ मध्ये काढलं, नंतर शहर बदललं तसं दोनदा त्यातही बदल केले. फुकट आहे आणि समोर निवांत उभं राहता येतं.

आता चढाचा विचार. या टेकडीवर पायी चढू नका. मेट्रोची सी मार्गिका दातेरी रुळावरून वर जाते, ती घ्या. उतरतानाही तीच. नकाशावर उतार सोपा दिसतो, पण पायऱ्या आणि दगडी रस्ते गुडघ्यांची वाट लावतात. दुसरी टेकडी फूर्व्हिएर. तिच्यावर एकोणिसाव्या शतकातलं मोठं पांढरं चर्च आहे. तिथे जायला जुन्या लियॉनच्या स्थानकातून केबलवर ओढली जाणारी छोटी गाडी आहे आणि मेट्रोचंच तिकीट चालतं. वरून दोन्ही नद्या, रोन आणि सोन, आणि त्यांच्यामधलं शहर दिसतं. चर्चपासून थोड्या अंतरावर रोमन काळातलं नाट्यगृह आहे. रोमनांनी हे गाव इ. स. पूर्व ४३ मध्ये वसवलं. पण सगळ्या पायऱ्या उतरायचा हट्ट धरू नका, वरच्या कडेला बसूनही सगळं दिसतं.

जुन्या लियॉनमधले त्राबूल मात्र अजिबात चुकवू नका. या घरांच्या पोटातून जाणाऱ्या वाटा. एका रस्त्यावरच्या दारातून शिरायचं, अंधारी बोळ, मग एकदम उघडं अंगण, गोल दगडी जिना, परत बोळ, आणि बाहेर पडायचं ते दुसऱ्याच रस्त्यावर. सगळ्यात लांब वाट र्‍यू सें-झां ५४ पासून र्‍यू द्यु बफ २७ पर्यंत जाते. दाराशी बटण असतं, ते दाबलं की खट् आवाज येऊन दार सुटतं. आई उंबऱ्यातच थांबली. आत टपालाच्या पेट्या, त्यावर नावं, कोपऱ्यात कुणाची सायकल. "अगं, लोक राहतात की इथं," म्हणाली. राहतातच, म्हणून आत हळू बोलायचं. सकाळच्या वेळी जा, तेव्हा दारं उघडी मिळण्याची शक्यता जास्त. हा सगळा जुना भाग १९९८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

एक जागा पर्यटक सोडून देतात, ती म्हणजे सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंचं घर. डी मार्गिकेवर मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानक आहे. घर आता संग्रहालय आहे आणि १८९५ मध्ये त्यांच्या कारखान्यातून सुटून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण जिथे झालं, ती शेडही शेजारीच जपलेली आहे. मिनिटभरही नसलेला तो तुकडा. फाटक उघडतं आणि बाया बाहेर पडतात, बहुतेक बायाच, लांब घोळदार झगे, कुणी घाईत, कुणी मैत्रिणीशी बोलत. आईने जुन्या मिलचा भोंगा ऐकलाय, पाळी सुटल्यावरची गर्दी बघितलीय. तिने तो तुकडा परत परत लावायला सांगितला. याच बंधूंचे चित्रपट पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले.

जेवणाचं खरं सांगायचं तर लियॉन मांसाहाराचं गाव आहे. तिथल्या पारंपरिक खानावळींत शाकाहारी माणसाला फारसं काही मिळत नाही, आईला तिथे बसवून तिचा जीव कोंडू नका. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. क्रोआ-रूसच्या मोठ्या रस्त्यावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. भाजी, फळं, चीज, ताजा पाव, सगळं तिथे. आईने तिथे कोवळे मटार बघितले आणि त्या दिवशी आमच्याकडे मटारभात झाला. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी न्या. भाकरी डब्यात उभी रचा म्हणजे तुटत नाही. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे आणि विमानतळावर काढून घेतात. तिथे चाखायचंच असेल तर सर्वेल द कान्यू मागा, ताज्या मऊ चीजमध्ये लसूण आणि कांद्याची पात घालून केलेलं. चक्क्यात लसूण कालवल्यासारखं लागतं, पावाला लावून खायचं. आणि गुलाबी प्रालिनची, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांची टार्ट, जी आईला सगळ्यात आवडली. हॉटेलात बसलात तर पाण्याची बाटली विकत घेऊ नका, "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट आणून देतात. दुपारचं जेवण दोनच्या पुढे सहसा मिळत नाही, रात्रीचं सात-साडेसातच्या आधी नाही. गोळ्या जेवणाच्या वेळेवर घ्यायच्या असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

रोज सकाळी एक जागा, दुपारी घरी येऊन झोप, संध्याकाळी नदीकाठ किंवा बाग, एवढंच ठेवा. तेत दॉर नावाची ११७ हेक्टरची बाग आहे, तळं, गुलाब, आणि फुकट प्राणिसंग्रहालयात जिराफसुद्धा. आमच्या दोन संध्याकाळी तिथेच गेल्या आणि काही राहून गेलं असं मला वाटलं नाही.

आयफेल टॉवर बघायचाच आहे असं आई म्हणाली, तर तिचं मन मोडू नका. पॅरिस ते लियॉन वेगवान रेल्वेने साधारण दोन तास. परतीचं विमान पॅरिसहून ठेवा आणि आदला एक दिवस तिथे काढा. पण अख्खा आठवडा पॅरिसला देऊ नका, साठीपुढच्या माणसाचा फार वेळ तिथे रांगांत जातो.

व्हिसा शेंगेनचा. फी ९० युरो, शिवाय सेवा केंद्राचं शुल्क. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो हवं. बोटांचे ठसे द्यायला आईला स्वतः यावं लागेल, म्हणजे सोलापूरहून एक वेगळी खेप. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरता येतं. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यासाठी जानेवारीतच तारीख बघायला लागा. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि तुमच्या बँकेचे कागद जोडा, आणि आईच्या नावावरचं पेन्शन, ठेवी, घर जे असेल ते वेगळं दाखवा.

विमानतळावर व्हीलचेअर मागायला आई नाही म्हणेल, माझीही म्हणाली होती. तरी मागा. पॅरिसच्या विमानतळावर चालणं फार आहे, ही सेवा फुकट असते, आणि तपासणीच्या रांगेतून कर्मचारीच पुढे नेतात. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवून ठेवा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी नोंद झालीय का, तेही एकदा विचारून घ्या.